इंग्रजीची खोली

आसेगावात मला राहायला जागा दिली त्या गृहस्थांनी भाड्याची गोष्ट काढण्याआधी दोन अटी घातल्या. पहिली अशी, की अंगणापलीकडे धाब्याची जी खोली आहे तिच्यात मराठी बोलायचं नाही. दुसरी अशी, की घरातल्या कोणालाही इंग्रजी शिकवायचं नाही. मी शाळेवर नुकताच रुजू झालेला, ट्रंक अजून बैलगाडीतच होती आणि उन्हानं डोकं तापलेलं होतं. मला वाटलं, त्या खोलीत इंग्रजी शिकलेला एखादा मुलगा किंवा जावई राहत असेल. तसं विचारलं.

"कोणालेच येत नाई," ते म्हणाले. "येत असतं त खोलीचा काय उपयोग?"

या उत्तराचा अर्थ मी त्या दिवशी रात्रीपर्यंत लावत बसलो, आणि खरं सांगायचं तर तो मला अजूनही पुरता लागलेला नाही. मी अकोल्याला मॅट्रिक झालो होतो. इंग्रजीत बरे गुण होते आणि त्याचा ताठाही होता. गावात इंग्रजी जाणणारा मी एकटाच, म्हणजे या खोलीत जायचा खरा अधिकार माझा, असं मला वाटे. पण मालकांनी मला तिथं बसायला कधी बोलावलं नाही.

खोली मी पुढे पाहिली. आत हात असलेली एक लाकडी खुर्ची होती. कचेरीतल्या जुन्या सामानाच्या लिलावात ती त्यांनी घेतली होती म्हणे. भिंतींवर खळीनं कागद चिकटवलेले होते. त्यात कापसाच्या गाठींवरच्या चिठ्ठ्या होत्या, रिळांची गोल लेबलं होती, बिस्किटाच्या डब्याचं वेष्टण होतं. कोनाड्यात घासलेटचा एक चपटा केलेला डबा उभा होता, त्याच्यावरची अक्षरं समोर येतील असा. मालकांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, मराठीही सहीपुरतंच. पण कोणत्या कागदावर काय लिहिलं आहे ते त्यांनी कोणाकोणाला विचारून तोंडपाठ केलं होतं. वाशीमच्या स्टेशनावरचा बाबू, कापसाची सरकी काढायच्या जिनातला फिटर, पोस्टाचा माणूस, कोणाला म्हणून त्यांनी सोडलं नसेल. अर्थ मात्र त्यांनी कधीच विचारला नाही. एकदा मी होऊन एका चिठ्ठीचा अर्थ सांगायला लागलो तर त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

घरात काही ठरवायचं असलं की ते गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला काळा कोट चढवत, चपला बाहेर काढून खोलीत जात आणि दार लोटून घेत. मग आतून आवाज येई. "फुल प्रेस्ड. नेट वेट. कीप ड्राय. धिस साइड अप." आवाज असा खर्जातला, की मलाही क्षणभर वाटे, आत कोणाच्या तरी जन्माचा फैसला चालला आहे. थोड्या वेळानं ते बाहेर येत, कोट काढून खुंटीला लावत आणि सांगत की नाल्याकाठच्या वावरात यंदा कापसाची पऱ्हाटी नाही, जवारी पेरायची. मुलानं काही हरकत घेतलीच तर म्हणत, "आता काही होत नाई. निकाल इंग्रजीत झाला."

मुलगा बिचारा गरीब स्वभावाचा, मान डोलावून निघून जाई. सून मात्र खमकी होती. एकदा असाच कसला तरी निकाल तिच्या मनाविरुद्ध गेला तेव्हा तिनं सासऱ्यापुढे रिकामं ताट ठेवलं आणि म्हणाली, आजचा सैपाक इंग्रजीत केला. मालकांनी ताटाकडे बराच वेळ पाहिलं. मग हात धुऊन उठले. दुसऱ्या दिवशी तो निकाल फिरला. निकाल फिरतो हे मी त्या घरात एवढं एकदाच पाहिलं.

इंग्रजीचा त्यांना मान होता की विटाळ, हे मला कधी कळलं नाही. खोलीबाहेर ते एकही इंग्रजी शब्द खपवून घेत नसत. आमच्या गावातसुद्धा तेव्हा हे शब्द धुळीसारखे घरात यायला लागले होते. टेम, तिकीट, कोरट, मोटार. मालक आगगाडीच्या तिकिटाला चिठ्ठी म्हणत आणि शाळेच्या तपासणीला येणाऱ्या इन्स्पेक्टरांना झडतीवाले. ते शब्द खोलीतले आहेत, त्यांना तिथंच राहू द्या, असं त्यांचं म्हणणं. एकदा सुनेच्या तोंडून नवऱ्याच्या सदऱ्याचं बटन तुटलं असं निघून गेलं. मालकांनी "गुंडी" म्हणून दुरुस्ती केली. सून तशीच उठली, अंगण ओलांडून खोलीच्या दाराशी गेली, आत तोंड घालून "बटन" म्हणाली आणि परत येऊन भाकरी थापायला बसली. तिथं ठेवून आले, म्हणाली. मी हसू दाबत होतो. मालकांनी मात्र गंभीरपणे मान हलवली, जणू काम चोख झालं.

आणि वाशीमचं त्यांचं म्हणणं तर डोकं फिरवणारं होतं. साहेबलोक वाशीमला बासिम म्हणत, कागदोपत्रीही तेच. मालकांच्या मते ही दोन गावं होती. वाशीमात बैलबाजार भरतो, तिथं त्यांची मावशी दिलेली होती, तिथलं पाणी गोड. बासिमात कोर्ट आहे. "वाशीमानं माह्यं काही वाईट केलं नाई," ते म्हणत. "जे केलं ते बासिमानं." मी त्यांना जागा एकच, रस्ता एकच, असं समजावायला गेलो. ते म्हणाले, रस्ता एक असून काय होते, माणूस जाताना एक असते अन् येताना दुसरा असते. 

बासिमानं काय केलं ते त्यांनी मला कापूस वेचणीच्या दिवसांत एका दुपारी सांगितलं. त्यांना एक धाकटा भाऊ होता, समोरच्याच घरात राहणारा. मी आल्यापासून या दोघांना एकमेकांशी बोलताना पाहिलं नव्हतं. भांडण नाल्याकाठच्या वावराच्या एका तुकड्यावरून होतं आणि ते कोर्टात गेलं होतं. निकालाच्या दिवशी दोघं एकाच गाडीतून गेले, कारण घरात गाडी एकच. वाटेत एकाच फडक्यातली भाकर खाल्ली. कोर्टात मात्र दोघं दोन बाजूंना उभे राहिले. साहेबानं निकाल इंग्रजीत वाचला. बराच लांब होता म्हणे. मालकांचा वकील घाईत होता, जाता जाता त्यानं पाठीवर हात ठेवला. मालकांना वाटलं, जिंकलो. त्यांनी वाशीमच्या बाजारातून बत्तासे घेतले आणि गावात घरोघर वाटले. पहिला बत्तासा त्यांनी गाडीतच भावाच्या हातावर ठेवला. झालं गेलं सोड, म्हणाले. भावानं तो खाल्ला.

मग मोजणीची माणसं आली आणि तुकडा भावाच्या नावानं मोजून दिला. गाव किती हसलं असेल ते सांगायला नको. पण मालकांना जमिनीचं दुःख नव्हतं, हसण्याचंही नव्हतं.

"त्याले इंग्रजी येत होतं, गुरुजी," ते म्हणाले. "कारंज्याच्या कापूस-कारखान्यात चार हंगाम साहेबाच्या हाताखाली होता तो. साहेबाशी बोले. त्याले निकालाच्या वेळीच समजलं होतं. समजूनसन्या त्यानं माह्या हातचा बत्तासा खाल्ला."

त्या संतापात त्यांनी देवीपुढे बेल उचलला होता. पुन्हा भावाशी बोललो तर माझा लेक जाईल, अशी शपथ. एकुलता एक लेक, तेव्हा पाळण्यात होता. शपथ घेऊन घरी आले आणि मालकिणीनं, त्या तेव्हा होत्या, तीन दिवस अन्न घेतलं नाही. पण उचललेला बेल खाली कसा ठेवणार?

विहीर मात्र दोघांची सामाईक राहिली. पाण्याची पाळी ठरवायला बोलावं लागेच. ते बैलाशी बोलत. मालक आपल्या बैलाला सांगत, "ढवळ्या, आज दुपारून आपण पाणी घेऊन राह्यलो." पलीकडून भाऊ आपल्या बैलाला सांगे की घ्या म्हणा, आमची मिरची उद्या भिजली तरी चालते. बैल म्हातारे होऊन मेले, नवे आले. मालकांनी प्रत्येक नव्या बैलाचं नाव ढवळ्याच ठेवलं, रंग कोणताही असो. हे मी स्वतः पाहिलं आहे, नाहीतर मीही विश्वास ठेवला नसता.

मग एका फाल्गुनात भाऊ आजारी पडला. पोटात काही ठरेना, माणूस खाटेला खिळला. कारंज्याहून वैद्य येऊन गेला आणि निघताना त्यानं चहासुद्धा घेतला नाही, त्यावरून सगळ्यांना समजलं. मालकांचं चित्त थाऱ्यावर राहिना. जेवताना घास हातात घेऊन समोरच्या घराकडे पाहत बसत. सुनेनं सुचवलं की बैलाला त्यांच्या अंगणात नेऊन बांधू, खिडकीतून बोला. मालक म्हणाले, "बैलापुढं पाण्याचं बोलता येते. हे नाई बोलता येत."

दुसऱ्या दिवशी ते माझ्यापुढे येऊन बसले आणि त्यांनी मला जो प्रश्न विचारला तो आयुष्यात पुन्हा कोणी विचारला नाही.

"गुरुजी, माणूस इंग्रजीत बोलला त ते बोलणं होते का?"

मी गोंधळलो. होतंच की, म्हणणार होतो. कोर्ट इंग्रजीत बोललं आणि यांचं वावर गेलं, यांच्याच घरात पेरणी इंग्रजीत ठरते. पण दाराआड सून उभी होती आणि तिचे डोळे माझ्यावर होते. शपथ तिच्या नवऱ्याच्या जिवाची होती. इंग्रजी म्हणजे बोलणं असं मी ठरवलं असतं, तर एक मरणारा माणूस भावाचा शब्द न ऐकता गेला असता. बोलणं नव्हे म्हटलं असतं, तर उद्या त्या मुलाला नुसता ताप आला असता तरी त्या बाईनं मला काय म्हटलं असतं? माझं मॅट्रिक तिथं काही कामाचं नव्हतं. मी म्हणालो, ज्याला ती भाषा समजते त्याच्यापुरतं ते बोलणं.

मालक विचारात पडले. मग म्हणाले, "त्याले समजते. मले नाई समजत. म्हणजे अर्धं."

अर्ध्या बोलण्यावर देवी कोपणार नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. कोट घातला, खोलीत गेले, आतून "फुल प्रेस्ड" ऐकू आलं, बाहेर येऊन म्हणाले, निकाल झाला.

भावाची खाट उचलून आणली. चार जणांनी धरली होती आणि पुढचा एक खूर मालकांच्या मुलानं धरला होता, ज्याच्या जिवाची शपथ होती त्यानं. गाव रस्त्यावर येऊन उभं राहिलं. खाट खोलीत ठेवली, माणसं बाहेर आली, मालकांनी दार लोटलं. उन्हाची वेळ होती. सुनेनं मला भिंतीला लागून ओट्यावर बसवलं.

"कान देऊन आयका," ती म्हणाली. "काही बोलणं झालं त मले सांगा. माह्या कुंकवाची गोष्ट हाये."

आत खाट कुरकुरली. मग मालकांचा आवाज आला, नेहमीसारखा खर्जातला नाही, कापरा. "फुल प्रेस्ड." थोडं थांबून, "थर्ड क्लास."

"थर्ड क्लास," भाऊ म्हणाला. आवाज अगदी खोल गेलेला.

"मूर्तिजापूर जंक्शन. चेंज फॉर कारंजा."

"कारंजा," भाऊ म्हणाला. "ऑइल. बेल्ट. स्टार्ट. स्टॉप."

"धिस साइड अप."

"येस सर."

मी ओट्यावर बसून ऐकत होतो आणि मला हसू येत होतं, आणि हसू येतंय म्हणून स्वतःची चीड येत होती. एकाची इंग्रजी डब्यांची आणि गाठींची, दुसऱ्याची जिनाच्या पट्ट्याची. जिनातल्या साहेबानं हाक मारताना, ओरडताना जे शब्द वापरले असतील तेवढेच त्या माणसाकडे होते, त्यापलीकडे काही नव्हतं. भाऊ म्हणाला, "डॅम फूल." साहेब हे रागानं म्हणत असणार. त्यानं ते हळू म्हटलं, लहान मुलाला निजवताना म्हणावं तसं. "डॅम फूल. डॅम फूल."

"येस," मालक म्हणाले.

मग दोघांचंही रडणं ऐकू आलं. रडण्याला कोणतीच भाषा नव्हती, त्यामुळे शपथेचा प्रश्न आला नाही. सूर्य कलला तेव्हा दार उघडलं आणि खाट परत गेली.

सुनेनं मला गाठलं. मी खरं ते सांगितलं, की काहीही बोलणं झालं नाही. स्टेशनांची नावं घेतली, गाठींवरचं म्हटलं, शिव्या दिल्या, अर्थ असं काही नाही. तिचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला. ती दोन पावलं गेली आणि परत आली.

"मंग रडत काहून होते?"



भाऊ त्या पंधरवड्यातच गेला. मालकांनी सगळं रीतसर केलं, डोकं भादरलं, दहावं-तेरावं पाहिलं. मुलगा ठणठणीत होता, पावसाळ्यात त्याला साधी सर्दीही झाली नाही. पण त्यानंतर मालक खोलीत गेले नाहीत. पेरणीचं मुलानंच ठरवलं. संध्याकाळी ते माझ्या दाराशी येत, चौकट धरून उभे राहत. जेवले का गुरुजी, विचारत. जेवलो म्हटलं तरी हलत नसत. त्यांना काय विचारायचं आहे ते मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही कळत असावं. एकदा मी होऊनच म्हणालो, त्या दिवशी भाऊ काय म्हणाले ते सांगू का?

त्यांनी पूर्वीसारखेच कानांवर हात ठेवले. "नका सांगू. तुमी सांगसान त मले समजन. मले समजलं त पुरं बोलणं होईन." आणि अंगणातल्या मुलाकडे पाहिलं.

मी विषय सोडला. पण त्या दुपारी ओट्यावर मला एक गोष्ट कळली होती आणि ती पोटात ठेवणं मला जड जात होतं. ज्या माणसाकडे ऑइल आणि बेल्ट एवढंच इंग्रजी होतं, त्याला कोर्टाचा तो लांबलचक निकाल काय समजणार? तोही त्या दिवशी मालकांइतकाच आंधळा उभा होता. मालकांचा आनंद पाहून, आपण हरलो असं समजूनच त्यानं तो बत्तासा खाल्ला असणार. ही गोष्ट मालकांना सांगावी असं मला दिवसा वाटे. संध्याकाळी ते दाराशी आले की वाटे, नको. भावानं फसवलं, एवढ्या एका गोष्टीवर या माणसानं सगळं आयुष्य रचलं होतं. ती काढून घेतली तर मग शपथ कशासाठी होती, बैल कशासाठी होते? मला ठरवता येईना, आणि बदलीचा हुकूम आला तोपर्यंत ठरलंच नाही.

बदली मानोऱ्याला झाली. ट्रंक मालकांच्याच गाडीत चढवली. मुलगा गाडी हाकणार होता, तो कासरा आणायला गोठ्यात गेला. सुनेनं वाटेसाठी भाकरी बांधून दिली आणि ती आत वळली. मालक बैलाच्या मानेवर हात ठेवून उभे होते. तांबडा बैल, नाव ढवळ्या. मुलगा दिसेनासा झाला तसे ते माझ्याजवळ सरकले.

"एकच इचारतो. तोंडानं सांगू नका, नुसती मान हलवा. मानेचं काही बोलणं होत नाई." त्यांनी गोठ्याकडे पाहून घेतलं. "त्याले इंग्रजी येत होतं का?"

 हो म्हणावं तर तो मेलेला भाऊ कायमचा लबाड ठरतो. नाही म्हणावं तर हा जिवंत माणूस आयुष्यभर चुकला असं ठरतं. इतकी वर्षं मुलांना प्रश्न घालत आलो, पण एवढं सोपं उत्तर देणं मला कधी इतकं अवघड गेलं नव्हतं. त्यांचे डोळे माझ्या मानेवर खिळले होते.

मी मान नाही अशी हलवली.

त्यांनी ती पाहिली. मला वाटलं, खाली बसतील. ते बसले नाहीत. मुलगा कासरा घेऊन येत होता. मालकांनी माझ्याकडे पाठ केली, बैलाच्या कानाशी तोंड नेलं आणि विहिरीवर बोलत तसे, पलीकडे उभ्या कोणाला ऐकू जावं इतक्या मोठ्यानं म्हणाले,

"ढवळ्या, मंग त्यानं बत्तासा गोड म्हणूनच खाल्ला."